कोपर आत घे

आमच्या घरी क्यू, म्हणजे स्नूकर खेळायची काठी, दारामागे उभा असायचा, छत्रीच्या शेजारी. छत्रीला वर्षातून एकदा ऊन मिळायचं, क्यूला मात्र रोज मऊ फडकं. ह्यांनी, म्हणजे दिनानाथ घरतांनी, लग्नाला वीस वर्षं उलटली तरी मला एकदाही "दमलीस का" असं विचारलेलं नाही. पण क्यू ओलसर भिंतीला टेकलाय अशी शंका आली तर झोपेतून उठून तो सरळ करायचे. काठीला बाक येतो म्हणे. माझ्या कंबरेला आला त्याचं काही नाही.

हे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते. शिफ्ट सुटली की घरी चहा, आणि चहा झाला की पूल ओलांडून अष्टमीला, मुसाभाईंच्या हॉलवर. मुसाभाई कुवेतला होते. तिथल्या लढाईत नोकरी गेली आणि ते परत आले. लोक येताना टेपरेकॉर्डर आणायचे, ह्या गृहस्थांनी स्नूकरचं वेड आणलं. मुंबईत कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेलं टेबल ट्रकात घालून अष्टमीला आणलं आणि राहत्या घराची मधली भिंत पाडून बसवलं. त्यांची बायको सलीमाभाभी मला एकदा म्हणाली होती, "सगुणाबाय, माझ्या सैपाकघरात दोन बाया उभ्या रवत नाय, नि त्या टेबलाला बघा, चारी अंगांनी फिरायला जागा."

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. आमची पुढची खोली भरून जाईल एवढं हिरव्या कापडाचं टेबल, त्याला सहा भोकं. पांढऱ्या चेंडूला क्यूने मारायचं आणि पांढऱ्याने बाकीच्यांना भोकात पाठवायचं. आधी लाल आणि रंगीत, आणि सगळ्यांत शेवटी काळा. त्याचे सात गुण. उरलेले सगळे नियम पुरुषांनी भांडायला सोय म्हणून केलेले आहेत असं माझं मत आहे.

दर वर्षी दिवाळी झाली की रोहा आणि पेण यांचा एका कपासाठी जोडीचा सामना व्हायचा, पेणला पोपटशेठच्या हॉलवर. रोह्याकडून मुसाभाई आणि हे. पेणवाले पूर्वी फार गलका करायचे. त्यांचा माणूस टेबलावर वाकला की मागून सुरू, "हळू मार", "बारीक लाव", "उजवीकडनं". ह्यांना ते खपेना. ह्यांनी भांडून नियम करून घेतला: मारणारा वाकला की त्याच्या बाजूच्या कोणीही तोंड उघडलं तर फाऊल. पोपटशेठनी तो नियम पुठ्ठ्यावर रंगवून भिंतीला लावला. ह्यांना त्या पुठ्ठ्याचा इतका अभिमान की पेणला गेलेल्या प्रत्येक नातेवाइकाला "पुठ्ठा बघितलात काय" म्हणून विचारायचे.

मग सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये कोलाडच्या नाक्याजवळ एका ट्रकने ह्यांच्या स्कूटरला घासलं. हात-पाय वाचले, मानेचे मणके दुखावले. पनवेलच्या डॉक्टरांनी गळ्यात पट्टा बांधला आणि सांगितलं, जेवा, हिंडा, काही दिवसांनी कामावर जा. फक्त एक करायचं नाही. पुढे वाकून मान वर उचलायची नाही, जन्मात नाही.

आता स्नूकरमध्ये दुसरं असतं काय? हनुवटी क्यूवर टेकवून समोर बघायचं, म्हणजे पुढे वाकून मान वर.

हे घरी आले आणि गप्प झाले. रागावलेला माणूस गप्प बसतो त्याला एक आवाज असतो, भांडी जरा जोरात ठेवली जातात, खुर्ची सरकते. हे तसं नव्हतं. खिडकीजवळ बसायचे आणि रस्त्याकडेही बघायचे नाहीत. जेवण पुढे ठेवलं की जेवायचे. मी आमटीत मीठ विसरले तरी जेवायचे. एकदा मी मुद्दाम विसरले, तरी हे जेवले. मुसाभाई दोनदा येऊन गेले. ह्यांनी नुसती पट्ट्यातल्या पट्ट्यात मान हलवली. आमची किमया कॉलेजातून आली की माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मला दुसरं काही नको होतं. ह्या माणसाने बोलावं, एवढंच.

आणि बोलले कधी, तर मी जाळी काढत होते तेव्हा. झाडू वरपर्यंत पोचेना, म्हणून दारामागचा क्यू घेतला, टोकाला फडकं गुंडाळलं आणि कोपऱ्यातलं कोळ्याचं घर पाडलं.

"अगो, क्यू हाय तो. केरसुणी नाय."

महिन्या-दीड महिन्यातलं पहिलं अख्खं वाक्य. मी फडकं सोडवत सोडवत आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मग डोळे पुसले आणि विचार केला. दुसऱ्या दिवशी त्याच क्यूने पडद्याची सळई वर सरकवली.

"खाली ठेव तो. आणि धरलायस कसा? मुसळ हाय काय?"

"मग कसा धरतात?"

"तुला काय करायचंय?"

"नाय सांगायचं तर नका सांगू. मला सळई सरकवायची आहे."

ते उठले. पट्ट्यामुळे सगळं अंगच वळवून माझ्याकडे आले आणि माझ्या मुठीतलं एकेक बोट उकलून पुन्हा ठेवलं. "पिळायचा नाय. ओला पापड वाळत घालताना उचलतेस ना, तेवढाच जोर."

तर माझं स्नूकर असं सुरू झालं. मला त्या खेळाची हौस होती असं कोणी समजू नये.

त्यानंतर आमच्या घरात सुख राहिलं नाही. पहाटे दूध तापवतेय तोवर मागून, "डावं ढोपर वाकव, उजवा पाय ताठ." भाकरी थापतेय तोवर, "खांदा हलतोय तुझा. खांदा हलवायचा नाय, कोपरापासून खालचा हात तेवढा हलला पायजे. भिंतीवरचा लंबक बघितलास कधी?" मी म्हणायची, आमच्याकडे लंबकाचं घड्याळ नाही, तुम्ही कधी आणलं नाहीत. पण सगळ्यांत जास्त काय ऐकलं असेल तर कोपर. कोपर बाहेर गेलं, कोपर आत घे, कोपर कोंबडीच्या पंखासारखं काय उघडतेस. बाजारातून पिशवी घेऊन आले तरी पिशवीच्या आधी कोपर बघायचे.

क्यू सरळ जातोय की नाही हे कळायला कुठल्याशा स्नूकरच्या पुस्तकात बाटलीचा उपाय होता म्हणे, आडव्या बाटलीच्या तोंडातून क्यू आतबाहेर करायचा. आमच्याकडे तसल्या तोंडाची बाटली कोकम सरबताची, आणि ती भरलेली. मी भिजवलेल्या कणकेचा गोळा जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यात हिरवी काचेची बांगडी उभी रोवली आणि त्यातून क्यू न्यायला लागले. क्यू मधोमध गेला तर आवाज नाही. जरा हलला की टिंग.

हे पट्ट्यात हसले. दिसलं नाही, पण पट्टा हलला.

दिवसभर टिंग टिंग. शेजारची रंभा विचारून गेली, घरात पूजा चालू आहे का म्हणून. आणि मग बांगडी वाढली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सवाष्णीची बांगडी, तीही नवरा गळ्यात पट्टा घालून समोर बसलेला असताना. पहिली वाढली तेव्हा मी काचा गोळा केल्या. दुसरी वाढली तेव्हा क्यू ठेवून दिला आणि म्हणाले, आता पुरे. किमयाच्या प्लास्टिकच्या बांगड्या आहेत, त्या लावते.

"प्लास्टिकला आवाज नाय," हे म्हणाले. "चूक ऐकू आली नाय तर सुधारशील कशी?"

"मला ह्या बाबतीत परीक्षा नाही घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मी नदीवरून धुणं घेऊन आले तर खुर्ची रिकामी. धुण्याची बादली उंबऱ्यातच ठेवली. दारामागे क्यू होता, छत्री नव्हती. अर्ध्या तासाने हे आले, घामाघूम, पट्टा ओला झालेला, हातात वर्तमानपत्राची पुडी. बाजारातल्या कासाराकडे जाऊन डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. अपघातानंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले ते ह्यासाठी.

मी एक चढवून बघितली. पंजाच्या हाडालाच अडकली.

"वीस वर्षं झाली, बायकोचं माप माहीत नाही."

"माप माहीत हाय," हे म्हणाले. "मुद्दाम लहान घेतल्या. भोक बारीक, सराव जास्त."

खोटं बोलतायत हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यांना. मी कणीक भिजवायला घेतली.

हात जरा सुधारला, तर पायांचं भांडण सुरू झालं. पाय लांब ठेव, अंगाचा भार दोन्हीवर घे, जमिनीत रोवल्यासारखी उभी राहा. मी रोवून घेत होते, पण साडीखाली परकर असतो आणि परकराला घेर किती असतो हे पुरुषांना कुठलं ठाऊक. पाऊल टाकलं की नाडी काचते, वाकलं की निऱ्या पायात येतात. आणि पदर. पदर कितीही पिनांनी टाचला तरी टेबलावर लोळायचाच.

"पदर चेंडूला लागला की फाऊल," हे म्हणायचे.

"चेंडू कुठे आहे? टेबलावर कणीक आहे."

"कणकेला लागला तरी फाऊल."

एक दिवस माझं डोकं फिरलं. दोरीवरचा माझा धुतलेला परकर ओढून त्यांच्या अंगावर टाकला. "घाला. घाला आणि पाय लांब ठेवून दाखवा."

मला वाटलं, उठून जातील. पण घरतांचं एक आहे, मुद्द्याला मुद्दा द्यायचा. त्यांनी पॅंटवरून परकर चढवला, नाडी बांधली, पट्ट्यामुळे खाली बघता येईना म्हणून चाचपून गाठ मारली, आणि हातात क्यू घेऊन ताठ उभ्याने डावा पाय पुढे टाकला. परकर फरकन ताणला गेला आणि ते टेबलाला धरून राहिले. किमया दारातच होती. ती आल्या पावली परत गेली.

"खरंय," हे सरळ उभे राहत म्हणाले. "नाय जमत." मग परकरातच विचार करत उभे. "तुझी आये मिठागरावर कशी नेसायची?"

"कशी म्हणजे? लुगडं. गुडघ्यापर्यंत, काष्टा मारून."

"मग?"

माझं माहेर कासूपासून खाडीच्या अंगाला, आईबापाचा जन्म मिठागरावर गेला. लग्न झालं तेव्हा मीही तसंच नेसायची. रोह्याला आल्यावर ह्यांनीच सांगितलं होतं, इथे गोल साडी नेस, कंपनीतल्या साहेबांच्या बायका काय म्हणतील. मी दोन्ही लुगडी आईच्या हवाली करून आले होते.

"तुम्हीच सोडायला लावलंत," मी म्हणाले.

"तेव्हा तुला वाकायचं नव्हतं," हे म्हणाले आणि परकराची नाडी सोडायला लागले. गाठ बसली होती. मलाच सोडवावी लागली.

आईचं एक लुगडं माहेराहून मागवलं. काष्टा मारला, पदर कमरेला घट्ट खोचला आणि टेबलाशी वाकले, तर दोन्ही पाय आपापल्या जागी जाऊन बसले, कोणी न सांगता. क्यू बांगडीतून गेला आणि आला. आवाज नाही. हे बराच वेळ टिंगची वाट बघत होते.

मग एके दुपारी मला घेऊन पूल ओलांडून अष्टमीला आले. मुसाभाईंचा हॉल दुपारी बंद असायचा. सलीमाभाभी लसूण सोलायला घेऊन दाराशी बसली, म्हणजे लोकांनी बोलायला नको. ह्यांना तिथे पाहून मुसाभाई मागे वळले. आत गेले आणि खडूची नवी कांडी घेऊन आले. ती माझ्या हातात दिली, पण बघत होते ह्यांच्याकडे.

खऱ्या टेबलावर माझी नवीनच खोड दिसली. क्यू मागे घ्यायची तो झोकात, रेषेत. आणि पुढे मारायचा म्हटलं की असा ढकलायची की पांढरा उडी मारायचा.

"वहिनी, मागं तर एकदम मखन," मुसाभाई म्हणाले. "पुढं काय होतं?"

ह्यांनी चारपाच वेळा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मीठ ओढतेय ती. लहानपणापासून लाकडी फावडं घेऊन मीठ ओढलंय. ओढायचं माहीत हाय, ढकलायचं कोणी शिकवलंच नाय. मीठ ढकलत नायत."

"मग आता?"

"आता काय, चाळिशीनंतर ढकलायला शिकायचं. मागे नेलास की थांब. एक श्वास. मग सोड, ढकलू नको, नुसता सोड. कोपर."

दुपारमागून दुपार गेली. सोड, थांब, परत ओढलंस, कोपर. मी एकदा क्यू टेबलावर ठेवून म्हणाले, मला घरी तीन माणसांचा स्वयंपाक आहे, माझ्या कोपराला तिथेही काम असतं. सलीमाभाभी लसणातून मान न काढता म्हणाली, "जाऊ नको गो. तू गेलीस की ते मला शिकवायला लागतील."

पण हे बोलत होते. हॉलवर बोलायचे, पुलावर बोलायचे, रिक्षा अंगावरून गेली तरी बोलणं तोडायचे नाहीत. कंपनीत परत रुजू झाले, तिथून आले की चप्पल काढायच्या आत बोलायला सुरुवात. मी चिडायची, वैतागायची, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात काय काय ऐकून घेतलं ते आठवत पडायची, दागिने मोजावेत तसं.

दिवाळी जवळ आली. मुसाभाईंच्या जोडीला कोण, असा प्रश्न आला. कंपनीतली पोरं होती, पण ती धाडधाड मारायची आणि देवाच्या भरवशावर सोडायची. मुसाभाई घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "घरतांच्या जागी घरतच खेळेल."

"मी नाय वाकणार," हे म्हणाले.

"तुम्हाला कोण बोलतंय?"

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मला वाटलं, झालं, पुन्हा गप्प बसतील. त्यांची जागा, आणि तिथे बायको. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे माझ्याकडे अख्खे वळून म्हणाले, "लांबचे फटके मारायचे नायत. जमत नाय तुला. जवळचे तेवढे घे आणि बाकीचं मुसाला ठेव." आणि मग, "पेणला जायच्या आधी लुगड्याला इस्त्री कर."

पोपटशेठच्या हॉलवर मी लुगडं नेसून चढले तेव्हा पेणवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं असं काही झालं नाही. ते हसले. एक जण म्हणाला, "मावशी, मासळी खाली बसते, वर नाय." सलीमाभाभी पापड घ्यायच्या निमित्ताने बरोबर आली होती, ती म्हणाली, "ती मासळी विकायला नाय आली रे, साफ करायला आलीय." त्यावरही ते हसले, पण जरा वेगळे.

समोर निलेश आणि प्रणित. निलेश बोलघेवडा होता, त्याची भीती नव्हती. प्रणित गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. त्याचा हात असा की वाकला की पुतळा. जोडीच्या खेळात पाळीपाळीने मारायचं, मुसाभाई, मग त्यांच्यातला एक, मग मी. मी सांगितलं तेवढंच केलं. जवळचा लाल दिसला तर घातला, नाही तर पांढरा हळूच कुठेतरी आडोशाला नेऊन ठेवला. प्रणितने दोनदा माझ्याकडे बघितलं. निलेश म्हणाला, "ह्या मावशी काय करतायत? खेळतायत की झाकून ठेवतायत?"

हे भिंतीशी उभे होते, त्यांच्याच पुठ्ठ्याखाली. तोंड मिटलेलं. नियम त्यांचा, ते कसे बोलणार. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही, उलट म्हटलं बरं आहे, एक दुपार तरी कान मोकळे. सगळे मारत होते, लोक येत-जात होते, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

मग टेबल रिकामं होत गेलं आणि एक काळा राहिला. गुण असे लागून होते की जो काळा घालेल त्याचा कप. प्रणितने मारला, काळा भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला. पाळी माझी. पांढरा हातभर अंतरावर, सरळ रेषेत. बांगडीतून जावं तसं.

मी वाकले आणि हॉल गप्प झाला.

ती शांतता मी ओळखली. मार्चमध्ये ती आमच्या खिडकीजवळ येऊन बसली होती. ओट्याशी उभी राहून मी तीच ऐकायची. क्यू मागे घेतला, थांबले, श्वास घेतला, आणि सोडवेना. पुन्हा मागे घेतला. पुन्हा नाही. मान न हलवता डोळे वर केले तर समोर भिंतीशी हे. चेहरा तसाच, खिडकीतला. हात पट्ट्याशी गेलेला.

मला काय झालं मला सांगता येणार नाही. मला कप दिसत नव्हता, काळाही दिसत नव्हता. एवढंच वाटत होतं की मी हा घातला तर सगळं संपलं. शिकवायचं काही उरलं नाही. कप नेऊन शोकेसमध्ये ठेवायचा आणि हे खुर्चीत. माझा हात मागेच राहिला. निलेशने खोकल्यासारखं केलं. मुसाभाई छताकडे बघत होते.

"कोपर आत घे, गो."

हळू नाही, चांगलं मोठ्याने, घरी ओट्यामागून म्हणतात तसं. कोण म्हणालं हे हॉलमधल्या एकालाही विचारावं लागलं नाही.

मी कोपर आत घेतलं. आणि हात सुटला. पांढरा गेला, काळा भोकात पडला, असा की कडेला लागलासुद्धा नाही.

तोवर निलेश पुठ्ठ्यावर बोट ठेवून उभा होता. "फाऊल. वाकल्यावर बोलले. घरतकाका बोलले."

पोपटशेठनी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "दिनानाथराव, तुम्ही मुद्दाम नसाल बोललात. चुकून झालं असं म्हणत असाल तर..."

"चुकून नाय," हे म्हणाले. "नियम माझा हाय. पाठ हाय मला. फाऊल."

काळ्यावरचा फाऊल म्हणजे सात गुण समोरच्यांना आणि खेळ खलास. कप पेणलाच राहिला. प्रणित येऊन माझ्या पाया पडला, ते मात्र मला आवडलं नाही, मी काही एवढी म्हातारी नाही.

जिन्यात मुसाभाई ह्यांना म्हणाले, "घरतभाई, सात महिने शिकवलं. आणखी एक मिनट गप बसला असता तर."

"कोपर बाहेर होतं तिचं."

"होतं?" मुसाभाईंनी मला विचारलं.

"मला कसं दिसणार," मी म्हणाले. "माझ्या मागे असतं ते."

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. समोरच्या बाकावर मुसाभाई तोंडावर रुमाल टाकून झोपलेले, किंवा झोपलेत असं दाखवत होते. सलीमाभाभी पापडांची थप्पी मांडीवर घेऊन बसलेली. आणि हे बोलत होते. सुरुवातीच्या तिसऱ्या लालला मी कशी घाई केली. निळ्याच्या वेळी डावं ढोपर कसं ताठ होतं. ढकलायची खोड गेली नाहीच आहे, पुढच्या वर्षापर्यंत जायला हवी. कणकेऐवजी मातीचा गोळा घ्यावा, कणीक दुपारपर्यंत खाली बसते. लहान बांगड्या अजून सात आहेत.

"अहो," मी म्हणाले, "कासूपर्यंत तरी गप्प बसा. माझं डोकं दुखायला लागलंय."

ते गप्प बसले. खिडकीबाहेर खाजणाचं पाणी काळं होत चाललं होतं. मी मनातल्या मनात मोजायला लागले, किती वेळ टिकतंय. माझ्याच जिवाला घोर लागला.

कासू यायच्या आधीच त्यांनी माझं उजवं कोपर दोन बोटांत धरलं आणि बरगडीला लावलं.

"इथं पायजे," ते म्हणाले. "इथं. हिथनं हलता कामा नये."

"बरं."

"नुसतं बरं नको. लक्षात ठेव."

"ठेवलं."

मग त्यांना पुन्हा तो तिसरा लाल आठवला, आणि ते सांगत राहिले, रोहा येईपर्यंत, कोपर न सोडता. मला पाणी प्यायचं होतं. मी डाव्या हाताने प्यायले.